समुद्राचे पाणी खारट का आणि त्याचा खारटपणा वाढत का नाही?

गंगा, ब्रह्मपुत्रा, महानदी, गोदावरी, कृष्णा आणि कावेरी या नद्या अहोरात्र बंगालच्या उपसागरात गोडे पाणी ओतत असतात. जगातील सर्व नद्या मिळून दरवर्षी सुमारे ४० हजार घन किलोमीटर पाणी समुद्राला देतात. हा क्रम कोट्यवधी वर्षे चालू असूनही समुद्र खाराच राहिला आहे. त्याहून आश्चर्याची गोष्ट अशी, की समुद्रातील क्षारांचा मोठा भाग याच गोड्या पाण्याच्या नद्यांनी वाहून आणलेला आहे.

नद्या क्षार आणतात हे मान्य केले, तर लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. समुद्रातील पाण्याची वाफ होते, परंतु क्षार मागेच राहतात. मग समुद्राचा खारटपणा सतत वाढत कसा जात नाही? पहिल्या प्रश्नाचे उत्तर शालेय पुस्तकांत सापडते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मात्र शास्त्रज्ञांना विसावे शतक उजाडेपर्यंत वाट पाहावी लागली, आणि त्याचा एक महत्त्वाचा धागा तर १९७७ साली समुद्राच्या तळाशी हाती लागला.

समुद्रात नेमके मीठ किती?

समुद्राच्या एक किलो पाण्यात सरासरी ३५ ग्रॅम क्षार विरघळलेले असतात. यालाच समुद्राची क्षारता दर हजारी ३५ आहे, असे म्हणतात. खुल्या महासागरात हे प्रमाण बहुतेक ठिकाणी ३३ ते ३७ च्या दरम्यान असते. पृथ्वीवरील सुमारे ९७ टक्के पाणी समुद्रात असल्यामुळे हा आकडा दिसतो तितका लहान नाही. सर्व महासागरांतील क्षारांचे एकूण वजन अंदाजे ५० हजार लाख कोटी टन भरते. हे सर्व क्षार बाहेर काढून पृथ्वीवरील जमिनीवर सारखे पसरले, तर सुमारे १५० मीटर जाडीचा, म्हणजे चाळीस मजली इमारतीहून उंच थर तयार होईल.

या क्षारांमध्ये आपण स्वयंपाकात वापरतो त्या मिठाचे, म्हणजे सोडियम क्लोराइडचे प्राबल्य आहे. विरघळलेल्या एकूण द्रव्यांत क्लोराइड सुमारे ५५ टक्के आणि सोडियम सुमारे ३१ टक्के असते. त्याखालोखाल सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि पोटॅशियम यांचा क्रम लागतो. या सहा घटकांतच ९९ टक्क्यांहून अधिक क्षार सामावलेले आहेत. समुद्राच्या पाण्याला खारटपणाबरोबर किंचित कडवट चव असते, ती मुख्यतः मॅग्नेशियममुळे.

समुद्राचे पाणी तहान भागवू शकत नाही, याचे कारणही याच आकड्यांत आहे. माणसाच्या रक्तातील क्षारांचे प्रमाण लिटरमागे सुमारे ९ ग्रॅम असते. समुद्राचे पाणी त्याच्या जवळजवळ चौपट खारट आहे. आपली मूत्रपिंडे समुद्राच्या पाण्याइतके खारट मूत्र तयार करू शकत नाहीत. त्यामुळे एक पेला समुद्राचे पाणी प्यायल्यास त्यातील मीठ बाहेर टाकण्यासाठी शरीराला पेलाभराहून अधिक पाणी खर्च करावे लागते.

एका बोटीचा प्रवास आणि ७७ नमुने

भारतीय पुराणांतील भूगोलात जंबुद्वीपाभोवती लवणसागर असल्याचे वर्णन आहे. समुद्र खारा आहे हे ज्ञान अर्थातच मानवाइतके जुने आहे. परंतु त्या खारेपणाची काटेकोर मोजणी एकोणिसाव्या शतकात सुरू झाली. १८१९ साली लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ अलेक्झांडर मार्सेट यांनी निरनिराळ्या समुद्रांतील पाण्याचे नमुने तपासले. समुद्र कमी-अधिक खारट असला, तरी त्यातील घटकांचे परस्परांशी असलेले प्रमाण सगळीकडे सारखेच असते, असे मत त्यांनी मांडले.

त्याची भक्कम खातरजमा 'चॅलेंजर' या ब्रिटिश जहाजाच्या सफरीमुळे झाली. डिसेंबर १८७२ मध्ये निघालेले हे जहाज मे १८७६ मध्ये परतले. वाटेत जगातील निरनिराळ्या महासागरांतून, वेगवेगळ्या खोलीवरून पाणी जमा करण्यात आले. त्यांपैकी ७७ नमुन्यांचे पृथक्करण ग्लासगो येथील प्राध्यापक विल्यम डिटमार यांनी केले आणि १८८४ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नमुना अटलांटिकचा असो की प्रशांत महासागराचा, पृष्ठभागावरचा असो की खोल तळाचा, मुख्य घटकांचे परस्पर प्रमाण जवळपास एकच होते.

या निष्कर्षाचा अर्थ सखोल आहे. पावसाने किंवा नदीच्या पुराने समुद्राचे पाणी पातळ होते, उन्हाने दाट होते. पण त्याची 'पाककृती' बदलत नाही. सर्व महासागर एकमेकांत पुरेपूर मिसळलेले आहेत, याचा तो पुरावा होता. महासागरातील पाणी एकदा ढवळून निघण्यास साधारण एक हजार वर्षे लागतात. समुद्रातील सोडियम किंवा क्लोराइडच्या 'मुक्कामा'च्या तुलनेत हा काळ अगदीच थोडा आहे, हे पुढे दिसून येईल.

मीठ आले कोठून?

पावसाचे पाणी पूर्णपणे शुद्ध नसते. हवेतून खाली येताना त्यात कार्बन डायऑक्साइड वायू विरघळतो आणि अत्यंत सौम्य असे कार्बनिक आम्ल तयार होते. मातीतील मुळे आणि जिवाणू या पाण्यात आणखी कार्बन डायऑक्साइड मिसळतात. हे सौम्य आम्ल खडकांवर अतिशय मंदपणे, पण अखंड काम करीत राहते. फेल्डस्पारसारख्या खनिजांतून सोडियम व पोटॅशियम, चुनखडीतून कॅल्शियम आणि काळ्या बेसाल्ट खडकातून कॅल्शियम व मॅग्नेशियम सुटे होऊन पाण्यात उतरतात. खडकांच्या या झिजेला रासायनिक विदारण म्हणतात.

नदीचे पाणी आपल्याला गोड लागते, कारण लिटरमागे त्यात सरासरी एक दशांश ग्रॅमच्या आसपास क्षार असतात. जिभेला ते जाणवत नाहीत. परंतु सर्व नद्यांचा हिशेब केला, तर दरवर्षी अंदाजे ४०० कोटी टन विरघळलेली द्रव्ये समुद्रात जाऊन पडतात.

येथे एक कोडे उत्पन्न होते. नदीच्या पाण्यात सर्वाधिक प्रमाण बायकार्बोनेट आणि कॅल्शियम यांचे असते. सोडियम आणि क्लोराइड त्यामानाने थोडे असतात. समुद्रात चित्र नेमके उलट आहे. तेथे बायकार्बोनेटचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. म्हणजेच समुद्र हे केवळ आटवलेले नदीचे पाणी नव्हे.

शिवाय क्लोराइडचा पूर्ण हिशेब खडकांच्या झिजेतून लागत नाही. समुद्रात जितके क्लोरीन आहे, तितके झिजलेल्या खडकांत कधी नव्हतेच. १९५१ साली अमेरिकी भूवैज्ञानिक विल्यम रूबी यांनी या शिल्लक राहणाऱ्या द्रव्यांचा सविस्तर विचार मांडला. त्यांच्या मते पाणी, क्लोरीन, गंधक यांसारखी बाष्पनशील द्रव्ये पृथ्वीच्या पोटातून ज्वालामुखी व उष्ण झऱ्यांवाटे बाहेर पडली. ज्वालामुखीच्या वायूंत हायड्रोजन क्लोराइड असतो. तो पावसात विरघळून समुद्रात पोहोचतो. अशा रीतीने आपल्या ताटातील चिमूटभर मिठाचे दोन जनक आहेत. त्यातील सोडियम प्रामुख्याने झिजलेल्या खडकांकडून आला आणि क्लोरीन पृथ्वीच्या अंतरंगातून.

मिठावरून पृथ्वीचे वय

धूमकेतूमुळे सर्वांना परिचित असलेले एडमंड हॅली यांनी १७१५ साली एक कल्पना मांडली होती. ज्या सरोवरांना बाहेर पडण्यास वाट नाही, ती क्रमशः खारट होत जातात. समुद्रही तसाच असला पाहिजे. म्हणून आज खारटपणा मोजून ठेवला आणि काही शतकांनी पुन्हा मोजला, तर वाढीच्या वेगावरून जगाचे वय काढता येईल. प्राचीन ग्रीक व लॅटिन लेखकांनी आपल्या काळातील खारटपणाची नोंद करून ठेवली नाही, याबद्दल त्यांनी खेदही व्यक्त केला होता.

१८९९ साली डब्लिन येथील जॉन जॉली यांनी याच मार्गाने प्रत्यक्ष गणित केले. समुद्रातील एकूण सोडियमला नद्या दरवर्षी आणत असलेल्या सोडियमने भागले, तेव्हा उत्तर ८ ते ९ कोटी वर्षे आले. त्या काळी हा निष्कर्ष गांभीर्याने घेतला गेला. पुढे किरणोत्सर्गाच्या साहाय्याने खडकांचे वय मोजता येऊ लागले आणि पृथ्वी सुमारे ४५४ कोटी वर्षांची असल्याचे निश्चित झाले.

जॉली यांचा भागाकार चुकला नव्हता. चुकले होते ते त्यामागील गृहीतक. एकदा समुद्रात आलेले मीठ तेथून कधीच बाहेर जात नाही, असे त्यांनी धरले होते. आज त्यांच्या आकड्याकडे निराळ्या दृष्टीने पाहिले जाते. तो पृथ्वीच्या वयाचा आकडा नसून, सोडियम समुद्रात सरासरी किती काळ राहतो याचा, म्हणजे त्याच्या निवासकालाचा ढोबळ अंदाज आहे. नदीच्या पाण्यातील काही सोडियम मुळात समुद्रावरूनच आलेला असतो. अशा दुरुस्त्या आणि अलीकडची मोजमापे लक्षात घेऊन हा काळ साधारणपणे ६ ते ७ कोटी वर्षांच्या आसपास मानला जातो. क्लोराइडचा निवासकाल सुमारे १० कोटी, मॅग्नेशियमचा सव्वा कोटीच्या आसपास आणि कॅल्शियमचा केवळ दहा लाख वर्षांच्या घरात आहे.

नदी कॅल्शियम अधिक आणते आणि समुद्रात मात्र सोडियम अधिक साठतो, या कोड्याचे उत्तर येथे मिळते. धर्मशाळेत कोणते प्रवासी जास्त येतात यापेक्षा कोणते जास्त दिवस मुक्काम करतात, यावर तेथील गर्दी ठरते. कॅल्शियम लवकर निघून जातो, सोडियम व क्लोराइड रेंगाळतात.

समुद्रातून मीठ बाहेर कसे पडते?

राजस्थानातील सांभर सरोवर, महाराष्ट्रातील लोणारचे सरोवर आणि पश्चिम आशियातील मृत समुद्र यांत एक साम्य आहे. त्यांना पाणी मिळते, पण बाहेर वाहून जाण्यास वाट नाही. पाणी केवळ वाफ होऊनच जाते आणि क्षार मागे राहतात. मृत समुद्रात लिटरमागे सुमारे ३४० ग्रॅम क्षार आहेत. महासागरालाही वरकरणी दुसरी वाट नाही. मग त्याचा मृत समुद्र का झाला नाही? याचे उत्तर असे, की समुद्राची वाट त्याच्या तळातून जाते. क्षार बाहेर पडण्याचे मार्ग एकाहून अधिक असून प्रत्येक घटकाची वाट वेगळी आहे.

पहिला मार्ग सजीवांचा. शंख-शिंपले, प्रवाळ आणि डोळ्यांना न दिसणारे असंख्य प्लवक जीव पाण्यातील कॅल्शियम व बायकार्बोनेट घेऊन आपली कवचे बांधतात. डायटम नावाच्या सूक्ष्म वनस्पती सिलिका घेतात. हे जीव मेल्यावर त्यांची कवचे तळाशी साचतात आणि कालांतराने त्यांचा चुनखडक बनतो. आज घरांना लागणारे सिमेंट ज्या चुनखडकापासून तयार होते, त्याचा बराचसा भाग एकेकाळी समुद्रातून बाहेर काढला गेलेला कॅल्शियमच आहे.

दुसरा मार्ग गाळाचा. नद्यांबरोबर येणाऱ्या चिकणमातीच्या कणांना कॅल्शियम चिकटलेला असतो. समुद्रात पोहोचताच हे कण कॅल्शियम सोडतात आणि त्याच्या बदल्यात सोडियम, पोटॅशियम व मॅग्नेशियम धरून ठेवतात. तळाच्या गाळात नवी चिकणमाती खनिजेही तयार होतात व ती समुद्रातील काही द्रव्ये आपल्यात सामावून घेतात. जमिनीवरील विदारणाच्या नेमक्या उलट अशा या क्रियेची कल्पना १९६६ साली फ्रेड मॅकेन्झी आणि रॉबर्ट गॅरल्स यांनी मांडली होती. १९९० च्या दशकात अ‍ॅमेझॉन नदीच्या मुखाजवळील गाळात तिचा प्रत्यक्ष पुरावा मिळाला. याशिवाय गाळाच्या कणांमधील पोकळ्यांत अडकलेले खारे पाणीही त्याच्याबरोबर गाडले जाते.

तिसरा मार्ग वाऱ्याचा. फुटणाऱ्या लाटांचे तुषार हवेत उडतात, त्यातील पाणी सुकते आणि मिठाचे सूक्ष्म कण वाऱ्यावर जमिनीकडे जातात. किनाऱ्यावरील घरांच्या खिडक्यांचे गज लवकर गंजतात, ते यामुळेच. हे मीठ पावसाबरोबर पुन्हा नदीत आणि तेथून समुद्रात येते. म्हणून ही कायमची वाट नसून एक फेरा आहे.

समुद्राच्या तळाचे धगधगते गाळणे

चौथा मार्ग दीर्घकाळ कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता. पृथ्वीवरील मॅग्नेशियमचा हिशेब जुळत नव्हता. नद्या जितका मॅग्नेशियम आणतात, तितका गाळात सापडत नव्हता. फेब्रुवारी १९७७ मध्ये 'अल्विन' ही छोटी पाणबुडी प्रशांत महासागरात गॅलापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोल उतरली. तेथे समुद्राच्या तळातून कोमट पाण्याचे झरे वाहत होते आणि त्यांच्याभोवती, सूर्यप्रकाशाचा लवलेश नसताना, सजीवांची वसाहत नांदत होती. १९७९ साली मेक्सिकोच्या पश्चिमेस याहून प्रखर झरे आढळले. धुरांड्यासारख्या रचनांतून सुमारे ३५० अंश सेल्सिअस तापमानाचे काळे पाणी उसळत होते.

महासागरांच्या तळाशी ६० हजार किलोमीटरहून अधिक लांबीची डोंगररांग आहे. तेथे भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकतात आणि खालून तप्त शिलारस वर येतो. तळातील भेगांतून समुद्राचे थंड पाणी खाली झिरपते, तप्त बेसाल्टच्या सान्निध्यात येते आणि पुन्हा वर उसळते. या प्रवासात त्यातील जवळजवळ सर्व मॅग्नेशियम आणि बरेचसे सल्फेट खडकात अडकून पडते. त्याऐवजी कॅल्शियम, पोटॅशियम, सिलिका, लोह व मँगनीज ही द्रव्ये पाण्यात उतरतात. मॅग्नेशियमच्या हिशेबातील तफावतीचे स्पष्टीकरण अशा प्रकारे मिळाले. महासागरातील सर्व पाणी या डोंगररांगांच्या पोटातून एकदा फिरून येण्यास अंदाजे एक कोटी वर्षे लागतात.

अशा झऱ्यांचा शोध हिंदी महासागरातही चालू आहे. गोव्यातील वास्को येथे असलेले राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आणि चेन्नई येथील राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्था यांच्या चमूने डिसेंबर २०२४ मध्ये स्वयंचलित पाणबुडीच्या साहाय्याने दक्षिण हिंदी महासागरात सुमारे ४,५०० मीटर खोलीवरील एका जागत्या झऱ्याचे छायाचित्र मिळवले.

सुकलेले समुद्र आणि आपले शेंदेलोण

क्लोराइडला मात्र वरीलपैकी एकही वाट फारशी मानवत नाही. सजीव त्याची कवचे बांधत नाहीत आणि चिकणमातीही त्याला धरत नाही. सोडियम क्लोराइड मोठ्या प्रमाणात समुद्राबाहेर पडते ते एकाच प्रकारे. एखादा समुद्र किंवा आखात मुख्य महासागरापासून तुटते, उष्ण व कोरड्या हवेत आटते आणि मिठाचे प्रचंड थर मागे ठेवते.

ही क्रिया लहान प्रमाणात आपल्या मिठागरांत रोज पाहावयास मिळते. कच्छच्या छोट्या रणातील अगरिया कुटुंबे असोत की मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावरील आगरी समाज, सर्वांच्या कामाचे सूत्र एकच आहे. खारे पाणी उन्हात आटू लागले, की प्रथम चुन्याचे क्षार खाली बसतात. त्यानंतर जिप्सम बसते. पाणी मूळच्या एक दशांशाइतके उरते, तेव्हा मिठाचे स्फटिक पडू लागतात. शेवटी उरलेल्या कडवट पाण्यात मॅग्नेशियमचे क्षार असतात. ते वेळीच काढून टाकले नाही, तर मीठ कडू होते.

भूमध्य समुद्राचे एकेकाळी असेच मिठागर झाले होते. सुमारे ६० लाख वर्षांपूर्वी अटलांटिकशी असलेली त्याची वाट जवळपास बंद झाली आणि ५३ लाख वर्षांपूर्वीपर्यंत ही अवस्था टिकली. 'ग्लोमार चॅलेंजर' या संशोधन जहाजाने १९७० साली भूमध्य समुद्राचा तळ खोदला, तेव्हा जिप्सम व मीठ हाती लागले. काही ठिकाणी हे थर एक किलोमीटरहूनही जाड आहेत. जगातील समुद्रांतील एकूण मिठापैकी सुमारे पाच ते सहा टक्के मीठ या एका घटनेत बाहेर पडले, असा अंदाज आहे.

भारतीय उपखंडाशी निगडित असे उदाहरण याहून कितीतरी प्राचीन आहे. पाकिस्तानातील पंजाब प्रांतात असलेल्या खेवडा येथील मिठाच्या खाणी ५४ कोटी वर्षांपेक्षाही जुन्या, सुकलेल्या समुद्राचे अवशेष आहेत. भारतात हिमाचल प्रदेशातील मंडी जिल्ह्यातही खडकातले मीठ सापडते. सिंधू प्रदेशातून येणारे म्हणून त्याला सैंधव हे नाव पडले आणि मराठीत ते शेंदेलोण झाले. उपवासाच्या दिवशी घरोघरी वापरले जाणारे शेंदेलोण हेही मुळात समुद्राचेच मीठ आहे. फरक असेल तर वयाचा.

हे थर कायमचे गाडलेले राहत नाहीत. भूपट्टांच्या हालचालींमुळे ते वर उचलले जातात, पावसाने विरघळतात आणि नद्यांवाटे पुन्हा समुद्राकडे परततात. खडकातून समुद्राकडे, समुद्रातून तळाकडे आणि तळातून पुन्हा खडकाकडे असा हा फेरा आहे. येणारे आणि जाणारे क्षार दीर्घकाळात जवळपास सारखे असल्यामुळे समुद्राचा खारटपणा मर्यादेत राहिला आहे. तो अगदी काटेकोरपणे स्थिर आहे, असे मात्र नव्हे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, पुष्कळसे पाणी जमिनीवर बर्फाच्या रूपात अडकून समुद्राची पातळी सुमारे १२० मीटरने खाली गेली होती. तेव्हा उरलेला समुद्र आजच्याहून सुमारे तीन टक्के अधिक खारट होता.

एकच देश, दोन निराळे समुद्र

क्षारांचे प्रमाण लाखो वर्षांत बदलते. पाण्याचे प्रमाण मात्र ऋतूगणिक बदलते. म्हणून एकाच वेळी निरनिराळ्या समुद्रांची क्षारता निराळी असते. ऊन भरपूर आणि नद्या नाहीत अशा तांबड्या समुद्रात ती ४० च्या आसपास जाते. उत्तर युरोपातील बाल्टिक समुद्रात नद्या अनेक आणि बाष्पीभवन कमी असल्याने ती पृष्ठभागावर बहुतांशी १० हूनही कमी भरते.

भारताच्या दोन बाजूंनाच हा फरक अनुभवास येतो. अरबी समुद्रात पावसापेक्षा बाष्पीभवन अधिक होते, त्यामुळे तेथील क्षारता ३६ च्या पुढे जाते. बंगालच्या उपसागरात पाऊसही अधिक आणि मोठ्या नद्यांचे पाणीही अधिक. पावसाळ्यात व त्यानंतर त्याच्या उत्तर भागातील पृष्ठभागाची क्षारता ३० च्याही खाली उतरते. पुढे हिवाळ्यात हे कमी खारट पाणी पूर्व किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकते आणि श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्राच्या आग्नेय भागात पोहोचते. उन्हाळी मोसमी प्रवाह अरबी समुद्रातील खारे पाणी बंगालच्या उपसागरात नेतात. दोन समुद्रांमधील ही देवाणघेवाण दरवर्षी होते.

तिचा संबंध थेट आपल्या पावसाशी आहे. गोडे पाणी हलके असल्याने उपसागरात वरच्या बाजूस त्याचा थर पसरतो आणि खालच्या थंड, खाऱ्या पाण्यास वर येऊ देत नाही. परिणामी पृष्ठभाग उबदार राहतो. ढगांच्या निर्मितीस ही ऊब पोषक ठरते आणि चक्रीवादळांनाही तीच बळ देते. म्हणूनच मान्सूनचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञ तापमानाबरोबर क्षारताही मोजतात. जगभरच्या समुद्रांत सोडलेले सुमारे चार हजार 'आर्गो' तरंगक दर दहा दिवसांनी दोन हजार मीटर खोलीपर्यंत जाऊन ही माहिती पाठवतात. हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र या योजनेत सहभागी आहे.

समतोल ढळला तर

समुद्राच्या एकूण क्षारसाठ्यावर मानवाचा परिणाम नगण्य आहे. परंतु ते क्षार कोठे आणि किती पाण्यात विरघळलेले आहेत, यात बदल घडू लागला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आंतरसरकारी हवामान बदल समितीच्या २०२१ च्या अहवालानुसार, १९५० पासून जास्त खारट समुद्रांचा पृष्ठभाग अधिक खारट आणि कमी खारट समुद्रांचा पृष्ठभाग अधिक गोडा होत गेला आहे. तापलेल्या हवेत बाष्पीभवन व पाऊस या दोहोंचा जोर वाढल्याची ही खूण मानली जाते. उत्तर अटलांटिकमध्ये थंड व खारट पाणी जड होऊन तळाशी जाते आणि त्यातून महासागरी प्रवाहांना गती मिळते. वितळत्या बर्फाचे गोडे पाणी तेथे मिसळत राहिले, तर हे चक्र मंदावण्याची भीती शास्त्रज्ञांना वाटते.

मर्यादित जलाशयाचा समतोल किती लवकर बिघडू शकतो, हे मध्य आशियातील अरल समुद्राने दाखवून दिले. १९६० च्या दशकापासून अमू दर्या व सीर दर्या या नद्यांचे पाणी कापसाच्या शेतीकडे वळवण्यात आले. लिटरमागे सुमारे १० ग्रॅम असलेले क्षार अरलच्या दक्षिण भागात पुढे १०० ग्रॅमच्याही वर गेले, मासे नाहीसे झाले आणि उघड्या पडलेल्या तळावरून खारट धूळ गावागावांवर उडू लागली. २००५ साली बांध घालून उत्तर अरलमध्ये सीर दर्याचे पाणी अडवण्यात आले, तेव्हा तेथील खारटपणा उतरला आणि मासेमारी पुन्हा सुरू झाली.

किनाऱ्यावरील शेतकऱ्याच्या दृष्टीने तर हा प्रश्न दारातला आहे. मे २००९ मध्ये आलेल्या 'आयला' चक्रीवादळाने सुंदरबनातील बांध फोडले आणि समुद्राचे पाणी शेतांत शिरले. पाणी ओसरल्यावरही मातीतील मीठ राहिले व पुढील हंगामांतील भातपीक धोक्यात आले. विहिरींतून गोड्या पाण्याचा प्रमाणाबाहेर उपसा झाला, की त्याची जागा समुद्राचे पाणी घेते. सौराष्ट्राच्या किनाऱ्याला याचा अनुभव आहे. या संकटाशी जुळवून घेण्याचे पारंपरिक ज्ञानही किनाऱ्यावर आहे. गोव्यातील खाजन शेतीत बांध व पाण्याची दारे यांच्या साहाय्याने भरती अडवली जाते. केरळमधील पोक्काळी आणि गोव्यातील कोरगुट हे भात खारट जमिनीतही तग धरतात. पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्राने कोकणातील अशा जमिनींसाठी भाताचे वाण विकसित केले आहेत.

समुद्राच्या पाण्यातून मीठ वेगळे करून ते पिण्यायोग्य करण्याचे प्रयत्नही देशात झाले आहेत. २००५ साली लक्षद्वीपमधील कवरत्ती येथे समुद्राच्या वरच्या व खालच्या थरांतील तापमानाच्या फरकाचा उपयोग करून रोज एक लाख लिटर गोडे पाणी देणारा प्रकल्प उभा राहिला. चेन्नईजवळ मिंजूर येथे २०१० साली रोज दहा कोटी लिटर क्षमतेचा प्रकल्प सुरू झाला. मात्र या कामी बरीच ऊर्जा खर्च होते आणि मागे उरणाऱ्या अतिखारट पाण्याची विल्हेवाट लावावी लागते. सूर्याची उष्णता आणि मोसमी वारे हेच काम दरवर्षी विनामूल्य करतात. समुद्राचे मीठ समुद्रातच ठेवून त्याचे गोडे पाणी पावसाच्या रूपाने आपल्या शेतांवर पडते आणि परतीच्या वाटेवर खडकातील चिमूटभर मीठ सोबत घेऊन समुद्राला मिळते.